साओ पाउलोची टिपणं

दादरला दिशा विचारायची वेळ येत नाही. चौपाटी आली की पश्चिम, टीटी आलं की पूर्व, मधे दोन्ही रेल्वे. ब्राझीलच्या साओ पाउलोला समुद्रच नाही. तो साठेक किलोमीटर दूर, आणि शहर पठारावर, सुमारे ७६० मीटर उंचीवर. म्हणजे लोणावळ्याहून शंभरेक मीटर वर. मधे सेर्रा दो मार नावाची डोंगररांग, समुद्राच्या अंगाला कड्यासारखी तुटलेली. नकाशा पुढ्यात घेऊन बसले तेव्हा ओळख पटली, हा इथला सह्याद्री. इथली तिएते नदी समुद्रापासून जेमतेम वीस-बावीस किलोमीटरवर उगम पावते आणि समुद्राकडे पाठ करून आत वळते. हजारावर किलोमीटर वाहून पारानाला मिळते. आपल्या भीमा, कृष्णा, गोदावरी याच चालीच्या. पश्चिमेचा समुद्र उशाशी असून पूर्वेचा धरणाऱ्या.

शहरातली तिएते मात्र दोन महामार्गांच्या मधे कोंडलेली, काळी. पुलावर गाडी आली की माणसं काच वर करतात.

*

जाणाऱ्यांसाठी. ब्राझीलहून परतताना भारतात पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड दाखवावं लागतं. लस निदान १० दिवस आधी घेतलेली हवी, नाहीतर ६ दिवस वेगळं ठेवतात. कारण पटण्यासारखं आहे. डेंग्यूचा डास तोच पीतज्वराचाही. तो आपल्याकडे घरोघरी आहे, रोग तेवढा अजून आलेला नाही. कार्ड आता जन्मभर चालतं. थेट विमान नाही. दुबई, दोहा किंवा अदिस अबाबावरून जायचं. दुबईच्या पुढेच पंधराएक तास. घड्याळ साडेआठ तास मागे. दादरला निजानीज होते तेव्हा इथे दुपारच्या जेवणाची ताटं वाढलेली असतात.

*

जुलै म्हणजे इथला हिवाळा. दुपारचा सूर्य उत्तरेला. घर बघताना लोक उत्तरेची खिडकी आहे का विचारतात, तेव्हाच ऊन आत येतं. संध्याकाळी बारीक भुरभुर पडते, तिला गारोआ म्हणतात. छत्री उघडावी इतकीही नाही, पण शाल दमट होते. दादरच्या जुलैतून आलेल्या माणसाला हा पाऊस म्हणजे पाऊस वाटणारच नाही, पण जुनी माणसं साओ पाउलोला गारोआचं गाव म्हणतात आणि ती पूर्वीसारखी पडत नाही म्हणून हळहळतात.

*

१८६३ साली बोरघाटातून आगगाडी चढली आणि दख्खनचा कापूस सरळ मुंबई बंदरात येऊ लागला. चारच वर्षांनी, १८६७ साली, एका ब्रिटिश कंपनीने सांतोस बंदरापासून इथला घाट चढवून साओ पाउलो आणि पुढे जुंदियाईपर्यंत रूळ नेले. चढ इतका खडा की डबे तारेच्या दोरांनी ओढून घ्यावे लागत. खाली उतरायची ती कॉफी. कंपनीचं नाव साओ पाउलो रेल्वे. दोन्ही शहरं घाटातून उतरणाऱ्या मालावर मोठी झाली, आणि त्या पैशातून दोन्हीकडे सूतगिरण्या उभ्या राहिल्या.

त्या कंपनीचं लूझ स्टेशन १९०१ चं. वीटकाम, लोखंड, घड्याळाचा मनोरा. त्याच इमारतीत पोर्तुगीज भाषेचं संग्रहालय आहे. २०१५ च्या डिसेंबरात ते जळालं, २०२१ मध्ये पुन्हा उघडलं. गाड्या खालून चालूच असतात. फलाटावर उभं राहिलं की छतापेक्षा माणसं बघत राहावीशी वाटतात. डब्याची पिशवी, एका खांद्यावर झोप, गाडी लागायच्या आधीच पुढे झुकलेलं अंग. हे सगळं मला ठाऊक आहे.

*

याच रेल्वे कंपनीत नोकरीला असलेल्या एका स्कॉटिश माणसाचा मुलगा चार्ल्स मिलर. १८७४ साली साओ पाउलोच्या ब्रास वस्तीत जन्मला, इंग्लंडला शिकायला गेला आणि १८९४ साली फुटबॉल आणि नियमांचं पुस्तक घेऊन परतला. दुसऱ्या वर्षी गॅस कंपनीविरुद्ध रेल्वे कंपनी असा सामना झाला, तो ब्राझीलमधला पहिला म्हणून सांगतात. मिलरच्या क्लबात त्याआधी क्रिकेट चालायचं! पाकाएंबूच्या स्टेडियममध्ये २००८ पासून फुटबॉलचं संग्रहालय आहे आणि समोरच्या चौकाला मिलरचं नाव.

संग्रहालयापेक्षा मला रविवारचा पोरांचा खेळ आवडला. नदीकाठच्या सखल पडीक जमिनीला इथे व्हार्झेआ म्हणतात. अशा जागांवर वस्त्यावस्त्यांचे संघ खेळत आले, म्हणून हौशी फुटबॉलला तेच नाव पडलं. शिवाजी पार्कात एका मैदानात दहा सामने कसे चालतात आणि प्रत्येकाला आपलाच चेंडू कसा दिसतो, हे जिने लहानपणापासून पाहिलं तिला इथे काही समजावून सांगावं लागत नाही.

*

इथली भाची म्हणते, "मावशी, मोबाइल आत ठेव. रस्त्यात काढायचाच नाही." सायकलवरून, मोटरसायकलवरून हिसकावून नेतात. पत्ता बघायचा असेल तर दुकानात शिरायचं, भिंतीला पाठ लावायची, मग बघायचं. चार दिवसांत सवय झाली. फायदा असा की वर बघत चालते.

*

वर बघत चालल्यावर लक्षात आलं की होर्डिंग नाहीत. एकही नाही. २००७ पासून या शहरात रस्त्यावरच्या जाहिरातींना बंदी आहे. 'स्वच्छ शहर' अशा नावाचा तो कायदा. दुकानांच्या पाट्यासुद्धा दर्शनी भागाच्या मापात बसवाव्या लागतात. बंदी आली तेव्हा जाहिरातवाले कोर्टात गेले, धंदा बुडेल म्हणाले. शहर चालू आहे. लोखंडी सांगाडे उतरले तशा मागच्या इमारती दिसू लागल्या, आणि काही ठिकाणी तोवर झाकलेली दुरवस्थाही.

दादरला कुठल्याही नाक्यावर उभं राहा, वाढदिवसाच्या शुभेच्छा वाचायला मिळतील. खांब, कठडा, झाड, काही सुटत नाही. १३ मे २०२४ ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली. एवढं झाल्यावर तरी एखाद्या शहराने हा प्रश्न मुळापासून घ्यायला हवा होता. एक शहर तो घेऊ शकतं, हे इथे डोळ्यांनी पाहते आहे.

*

जेवण वजनावर. ताट घ्यायचं, हवं ते वाढून घ्यायचं, तराजूवर ठेवायचं, चिठ्ठी घ्यायची. शाकाहारी माणसाचं अगदी नीट भागतं. भात, घेवड्याची पातळ उसळ, कोबीच्या जातीची हिरवी पानं लसणावर परतलेली, आणि वरून फारोफा, म्हणजे कसाव्याच्या कंदाचं भाजलेलं पीठ. उसळ मात्र विचारून घ्यावी. डुकराचं मांस घालून शिजवलेली तिची बहीण फेइजोआदा, ती बुधवारी आणि शनिवारी हमखास असते.

*

आषाढी एकादशी इथेच आली. वडाळ्याच्या विठ्ठलाची रांग डोळ्यांपुढे. उपवासाचं कसं करणार याची भाचीला काळजी. मी तिला बाजारात घेऊन गेले आणि एकेक वस्तू दाखवली. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कसावा मूळचा इथलाच. शेंगदाणा याच खंडातला. बटाटा अँडीज पर्वतातला. रताळं अमेरिकेतलं, मिरचीही. ही सगळी पिकं पोर्तुगीज आणि स्पॅनिश गलबतांतून जगभर गेली, तशी आपल्या किनाऱ्याला लागली. म्हणजे चारशे-पाचशे वर्षांपूर्वीच्या वारकऱ्याच्या उपवासात यातलं काहीच नसणार. त्याची एकादशी फळं, दूध आणि वरीवर होत असेल. आज प्रकाश उपाहारगृहातला साबुदाणा वडा दादरची ओळख आहे.

जून-जुलैत इथे संत जोआओच्या जत्रा असतात. तिथे पे दे मोलेकी घेतली. शेंगदाणे आणि उसाचा गूळ. लोणावळ्याची चिक्कीच ती, फक्त अंमळ मऊ. पासोका म्हणजे साखर घालून वळलेलं दाण्याचं कूट. कसाव्याच्या ओलसर पिठाची तव्यावरची पांढरी घावनं, आत ओलं खोबरं. कडकडीत एकादशी झाली आणि पोटभर झाली.

*

फेइरा. प्रत्येक वस्तीत ठरलेल्या वारी एक रस्ता वाहनांना बंद होतो आणि बाजार भरतो. आठवडी बाजारच, फक्त एक कोटीहून जास्त वस्तीच्या शहरात. टोकाला तळणाचं दुकान: पास्तेल नावाची मोठी चौकोनी करंजी, आत चीज किंवा खिमा, आणि तिच्याबरोबर उसाचा रस, लिंबू किंवा अननस घालून. पास्तेल विकणारी बरीच घराणी जपानी. १९०८ साली कासातो मारू बोटीतून ७८१ जपानी सांतोसला उतरले, कॉफीच्या मळ्यांवर राबायला. पुढे शहरात आले. दुपारी एकनंतर आरोळी बदलते, उरलेला माल पडत्या भावात निघतो. त्या वेळची वाट बघत कडेला उभ्या असलेल्या बायका मी पाहिल्या. दादरच्या भाजी मार्केटात रात्री नऊनंतर येणाऱ्या बायकांच्या हातात अशीच घडी घातलेली पिशवी असते.

*

मोओका ही इथली परळ-लालबाग. क्रेस्पी नावाची मोठी सूतगिरणी होती, बहुतेक कामगार इटलीहून आलेले. १९१७ च्या संपाची ठिणगी तिथे पडली आणि जुलैत सगळं शहर बंद झालं. पोलिसांच्या गोळीने एक तरुण चांभार मेला, त्याच्या अंत्ययात्रेला रस्ते भरले. गिरणीची इमारत आहे, आत सुपरमार्केट भरलं. विटांच्या भिंती बघून आले. फार वेळ थांबवलं नाही.

शेजारी ब्रासमध्ये १८८७ चं स्थलांतरितांचं वसतिगृह आहे, आता संग्रहालय. पंचवीस लाखांच्या आसपास माणसं तिथून गेली. बोटीतून सांतोस, सांतोसहून याच रेल्वेने दारापर्यंत, मग मळ्याचा करार. पुढे देशातल्याच ईशान्येच्या दुष्काळी मुलखातली माणसं ट्रकच्या फळ्यांवर बसून आली. लूला १९५२ साली सात वर्षांचा असताना आईबरोबर असाच आला, पुढे लेथवर कामाला लागला, धातुकामगारांचा पुढारी झाला आणि राष्ट्राध्यक्ष झाला.

आपल्या चाकरमान्याला सरकारी वसतिगृह नव्हतं. भाऊच्या धक्क्यावर उतरायचं, गावाची खोली शोधायची, वळकटी टाकायची, खाणावळीत महिन्याचा डबा लावायचा. त्या खाणावळी चालवणाऱ्या बायकांना सावकारापासून सोडवायला प्रेमाताई पुरवांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. त्या बायकांचं संग्रहालय कुठे आहे?

*

आता ज्यासाठी एवढ्या लांब आल्याचं सार्थक झालं ते. सेस्क पोम्पेया.

पत्र्याची पिंपं करणारा कारखाना होता. १९३० च्या दशकातला, विटांच्या लांबच लांब शेड, आत काँक्रीटचे नाजूक खांब. सत्तरच्या दशकात तो पाडून सेस्क संस्थेचं नवं केंद्र बांधायचं घाटत होतं. काम लीना बो बार्दीकडे आलं. ती रोमची, १९४६ साली ब्राझीलला आली आणि इथलीच झाली. शनिवारी जागा बघायला गेली तर रिकाम्या शेडमध्ये पोरं धावताहेत, आया, म्हातारी माणसं बसलेली, कुणी चेंडू खेळतंय. जे आपोआप चाललं होतं ते तसंच चालू राहायला हवं, असं तिच्या मनाने घेतलं आणि कारखाना वाचला.

फाटकातून आत गेलं की दगडी गटारांची फरसबंद गल्ली. दोन्ही बाजूंना शेड. मी पहिल्यांदा डावीकडच्या शेडमध्ये शिरले. तिकीट नाही, नाव विचारत नाहीत, पिशवी तपासत नाहीत. वर कौलांमधल्या काचेतून उजेड पडतो. जमिनीत वळणावळणाचं उथळ पाणी केलंय, पोरं काठावर पालथी पडून हात बुडवतात. काँक्रीटच्या मचाणांवर वाचायच्या जागा. एक म्हातारा वर्तमानपत्र तोंडाशी धरून वाचत होता, दुसरा ते संपायची वाट बघत समोर बसलेला. नायगावला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात हेच दृश्य किती वर्षं पाहिलंय. शेजारच्या टेबलावर दोन बायका सोंगट्या खेळत होत्या, एकीच्या मांडीवर नातू झोपलेला.

गल्लीच्या शेवटी नवीन काँक्रीटचे दोन उंच ठोकळे. एकात पोहायचा तलाव आणि मजल्यागणिक खेळाची मैदानं, त्यांना चार ऋतूंची नावं. एकाच्या खिडक्या म्हणजे भिंतीला पाडलेली वेडीवाकडी भोकं. काच नाही, आतून लाल लाकडी जाळी सरकते. मधून ओढा जातो, जमिनीखालून, त्यावर बांधता येईना. म्हणून ठोकळे दोन, आणि त्यांना जोडणारे उघडे पूल. ओढ्यावर लांब लाकडी फळ्या टाकल्या आहेत. हिवाळ्याच्या उन्हात माणसं त्यावर आडवी पडलेली. समुद्र नसलेल्या शहराची ही चौपाटी, इथले लोकच तिला तसं म्हणतात.

काँक्रीटला गिलावा नाही, फळ्यांचे वण तसेच. मला आमचं दादरचं पोर्तुगीज चर्च आठवलं. चर्च १५९६ चं, पण आजची वास्तू चार्ल्स कोरियांनी सत्तरच्या दशकात बांधलेली, तीही काँक्रीटची, उघडी, वरून उजेड घेणारी. तिच्यासमोरून रोज बस पकडणारे आम्ही किती जण मान वर करतो?

*

सेस्क पोम्पेया उघडलं १९८२ साली.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख माणसं. माझे बाबा नायगावच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. भोंगा थांबला त्या सकाळी ते नेहमीच्या वेळेला उठून बसले होते. पुढची दोन वर्षं आईने कशी काढली ते इथे लिहीत नाही.

ज्या वर्षी माझ्या शहरात कारखान्यांची फाटकं लागली, त्याच वर्षी दुसऱ्या एका गिरणीशहरात बंद कारखान्याचं फाटक कामगारांसाठी उघडलं. त्या गल्लीत बाकावर बसून मी हे कितीतरी वेळ मनात घोळवत होते.

१९९१ च्या नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते. एक मोकळ्या जागेला, एक घरांना, एक मालकाला. २००१ ला नियम बदलला, वाटे फक्त रिकाम्या जमिनीचे करायचे, इमारतीखालची जमीन मालकाची. २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. मैदानं त्यात गेली. दादरला इंदू मिलच्या जागी बाबासाहेबांचं स्मारक उभं राहतंय, ते योग्यच. सेनाभवनासमोर कोहिनूर मिल होती तिथे काचेचा मनोरा आहे. आत जायचं तर काहीतरी विकत घ्यायचं असावं लागतं, नाहीतर कामाला असावं लागतं.

*

सेस्क पोम्पेया चालतं कशावर? सेस्क १९४६ पासून आहे. व्यापार आणि सेवा धंद्यातले मालक पगारपत्रकाच्या दीड टक्का रक्कम कायद्याने देतात. त्यावर देशभर केंद्रं चालतात. दुकानातल्या, हॉटेलातल्या नोकरदाराला आणि त्याच्या घरच्यांना ओळखपत्र, त्यावर स्वस्त जेवण, नाटक, पोहणं. अनेक केंद्रांत दातांचा दवाखानाही. बाकीच्यांना गल्ली, वाचनाची जागा, प्रदर्शनं खुली.

आपल्याकडे हा विचार नव्हता असं कुणी म्हणू नये. १९५३ च्या कायद्याने कामगार कल्याण निधी झाला. कामगार, मालक आणि सरकार तिघं वर्गणी घालतात, जून आणि डिसेंबरात पगारातून कापलेले ते थोडे रुपये अनेकांच्या चिठ्ठीवर असतील. कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धांतून किती नट घडले. त्याहीआधी ना. म. जोशींनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली; परळचं दामोदर नाट्यगृह लीगच्याच परिसरात, गिरणी कामगारांच्या नाटकांचं, दशावताराचं, शाहिरांचं घर. २०२३ साली ते पुनर्विकासासाठी बंद झालं.

सेस्कच्या नाट्यगृहात रंगमंच मधे आणि प्रेक्षक दोन्ही बाजूंना. खुर्च्या साध्या लाकडाच्या, गादी नाही. लीनाने मुद्दाम तशा केल्या, माणसाने सावध बसून बघावं म्हणून. नाटकाचा शब्द मला कळला नाही. समोरच्या बाजूचे चेहरे बघत बसले, त्यांत कळलं कुठे हसायचं.

*

रविवार. मिन्योकाओ नावाचा उड्डाणपूल, १९७१ चा, लष्करी राजवटीतला. तीनेक किलोमीटर, घरांच्या तिसऱ्या मजल्याला घासून जातो. रात्री आणि सुटीच्या दिवशी गाड्या बंद, मग माणसं चालतात, पोरं सायकल शिकतात. पाउलिस्ता हा इथला नावाजलेला हमरस्ताही २०१५ पासून रविवारी माणसांचा. तिथे लीनाचंच दुसरं काम, १९६८ चं कलासंग्रहालय: ७४ मीटर लांबीत खाली एकही खांब नाही. ती सावली तिने शहराला ठेवली. मोर्चे तिथून निघतात. लालबागच्या उड्डाणपुलाखालून वर्षानुवर्षं गेले, वरून चालत जायला मिळेल अशी कल्पनाही कधी केली नव्हती.

*

परत गेल्यावर. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल क्रमांक २-३ च्या जागेवर महापालिकेचं वस्त्रोद्योग संग्रहालय व्हायचं आहे. जुन्या यंत्रांभोवती दोऱ्या बांधून 'हात लावू नये' लिहिलेलं संग्रहालय मला नको. वॉर्ड ऑफिसला आणि महापालिकेला पत्र पाठवायचं, शेजारणींच्या सह्या घेऊन, बरोबर सेस्कचे फोटो जोडून. मागण्या: एक शेड बिनतिकिटाची. बाक, पाणी, स्वच्छ संडास. वर्तमानपत्रं. पन्नास रुपयांत थाळी, ती चालवायला वस्तीतल्याच बायका. नाटकाला आणि भजनाला एक साधा रंगमंच, भाडं परवडेल असं. पाळणाघर. आणि दातांचा दवाखाना. तो मुद्दा पहिल्या पानावर, कारण म्हातारपणी सगळ्यांत आधी तोच खर्च टाळला जातो.